कचरा टाकला कुणी, उचलायचा कुणी?

वेशीवर, ओढ्याच्या काठाला किंवा बंद पडलेल्या विहिरीत कचऱ्याचा ढीग वाढू लागला की गावात पहिला प्रश्न निघतो तो असा : हे टाकतंय कोण? प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्याने काम पुढे सरकत नाही. टाकणारा अंधार पडल्यावर येतो आणि दोन मिनिटांत मोकळा होऊन जातो. सापडलाच तर तो भावकीतला, शेजारचा नाहीतर दुकानातलं नेहमीचं गिऱ्हाईक निघतो आणि विषय तिथेच मिटतो. म्हणून या प्रकरणात प्रश्नांचा क्रम बदलू. टाकणाऱ्याच्या मागे लागण्याआधी, तो ढीग हटवण्याचं काम कायद्याने कुणावर सोपवलं आहे ते पाहू. उदाहरणाला बीड तालुक्यातलं नेकनूर घेऊ. मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे मोठं गाव. इथे आठवडी बाजार भरतो, पोलीस ठाणं आहे, सरकारी रुग्णालय आहे, आसपासच्या खेड्यांची ये-जा आहे. म्हणजे कचरा तयार होतो शहराच्या वळणाचा आणि कारभार चालतो ग्रामपंचायतीचा. महाराष्ट्रातली अशी सगळीच बाजारगावं याच पेचात आहेत.

१. उकिरडा होता तेव्हा

जुन्या गावात कचऱ्याची तक्रार फारशी नव्हती, याचं श्रेय आपण उगाच पूर्वजांच्या शिस्तीला देतो. खरं कारण कचऱ्याच्या जातीत होतं. शेण, राख, पाचोळा, गुरांनी टाकलेला कडबा, भाजीची देठं हे सारं उकिरड्यावर पडायचं, पावसाळ्यात कुजायचं आणि वर्षभरात खत होऊन शेतात जायचं. ढीग होता, पण तो दरवर्षी संपत होता. आज त्याच उकिरड्यावर गुटख्याच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या, लहान मुलांचे डायपर, थर्माकोल, पत्रावळ्यांऐवजी आलेल्या चकचकीत ताटल्या पडतात. यातलं काही कुजत नाही आणि प्लास्टिक मिसळलेलं खत शेतकरी शेतात नेत नाही. ढीग संपण्याची वाटच बंद झाली, म्हणून तो वेशीवरून ओढ्यात, ओढ्यातून गायरानात सरकत गेला. ‘लोकांना आता सवयच राहिली नाही’ हे म्हणणं त्यामुळे अर्धंच खरं आहे. सवय तीच राहिली, वस्तू बदलल्या.

बीड जिल्ह्यात याची झळ पाण्याला आधी बसते. आपल्या पायाखाली बेसाल्टचा काळा कातळ आहे. पाणी मुरतं ते त्याच्या वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. वाळूच्या जाड थरातून झिरपताना पाणी गाळलं जातं, तसं कातळाच्या भेगांतून जाताना फारसं होत नाही. ओढ्याकाठच्या ढिगातून पावसात निघालेलं काळं पाणी जवळच्या विहिरीला किंवा बोअरला लागायला वेळ लागत नाही. बंद विहीर कचऱ्याने बुजवणं तर सर्वांत घातक, कारण विहीर हीच मुळी भूजलापर्यंत खणलेली वाट असते. हे सरकारलाही ठाऊक आहे. म्हणूनच आरोग्य विभाग पावसाळ्याच्या आधी आणि नंतर गावातल्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी करतो आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतो. स्रोताभोवतीची घाण ही त्या पाहणीतली एक महत्त्वाची बाब असते. आपल्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारता येतं. तक्रारीची सुरुवात तिथून केलेली बरी, कारण लाल कार्ड हा सरकारनेच दिलेला पुरावा असतो.

२. जबाबदारी कुणाची?

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ सालचा आहे. त्याच्या कलम ४५ मध्ये आणि सोबतच्या अनुसूचीत ग्रामपंचायतीची कामं दिली आहेत. सार्वजनिक रस्ते, गटारं, विहिरी स्वच्छ ठेवणं, कचऱ्याचे ढीग हटवणं, लोकांना त्रास होईल असा उपद्रव रोखणं ही सारी त्यात येतात. म्हणजे सरपंचाकडे कचरा उचलण्याची मागणी करणं हा उपकार मागण्याचा प्रकार नाही. दुसरा धागा २०१६ सालचा. त्या वर्षी निघालेले घनकचऱ्याचे नियम शहरांना आणि शहरासारख्या वस्त्यांना लागू होते, साध्या गावांना नव्हते. त्यामुळे ‘हे नियम खेड्याला नाहीत’ असं उत्तर कार्यालयात मिळायचं आणि ते तांत्रिकदृष्ट्या खोटं नव्हतं. पण त्याच वर्षी मार्चमध्ये निघालेल्या प्लास्टिक कचरा नियमांनी ग्रामीण भागालाही कक्षेत घेतलं. प्लास्टिक वेगळं करणं, गोळा करणं, पुनर्वापरासाठी पाठवणं आणि ते उघड्यावर जाळलं जाणार नाही हे पाहणं, हे सगळं ग्रामपंचायतीच्या नावावर लिहिलं. गावातला आजचा ढीग बहुतांशी प्लास्टिकचाच असतो, म्हणून ही तरतूद तक्रारदाराच्या फार कामाची आहे.

तिसरा पुरावा प्रत्येकाच्या घरात पडलेला असतो. घरपट्टीची पावती काढून पाहावी. दिवाबत्ती कराच्या शेजारी आरोग्य कराचा रकाना दिसेल. हा कर गावाच्या स्वच्छतेसाठी आहे. बाजाराचंही तसंच आहे. आठवडी बाजारात बसणाऱ्यांकडून फी घेण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे आणि ही वसुली अनेक गावांत लिलावाने ठेक्यावर दिली जाते. फी घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी कुजकी भाजी, शेण आणि पिशव्या मैदानात तशाच ठेवायच्या, हा व्यवहार एकतर्फी आहे. बाजार उठल्यावर मैदान झाडून देण्याची अट लिलावाच्या करारात घालता येते, आणि ती घालून घेणं हे एखाद्या दुकानदाराला रंगेहाथ पकडण्यापेक्षा कितीतरी जास्त कचरा वाचवतं.

३. जागा कुणाची?

इथे बहुतेक तक्रारी अडखळतात. रस्त्याकडेची पट्टी बांधावरच्या झाडासारखी असते : फळ दोन्ही शेतकऱ्यांचं, पाचोळा मात्र कुणाचाच नाही. महामार्गाच्या हद्दीत ढीग असेल तर ग्रामपंचायत म्हणते, रस्तेवाल्यांना सांगा, आणि रस्तेवाले म्हणतात, कचरा गावाचा आहे. गायरानात असेल तर महसूल खातं आणि ग्रामपंचायत एकमेकांकडे बोट दाखवतात. ओढ्यात असेल तर आणखी एखादं खातं निघतं. यावर उपाय सोपा आहे, पण तक्रार लिहिण्याआधी करायचा आहे. जागेचा गट क्रमांक शोधावा. शासनाचे गाव नकाशे आणि सातबारा आता मोबाईलवर पाहता येतात, नाहीतर तलाठी कार्यालयात विचारावं. सातबाऱ्यावर जागा सरकारी निघाली तर अर्जाची एक प्रत तहसीलदारांना, महामार्गाच्या हद्दीत निघाली तर एक प्रत रस्त्याच्या खात्याला, आणि मूळ अर्ज प्रत्येक वेळी ग्रामपंचायतीला. सगळ्यांना एकाच वेळी, एकमेकांची नावं दिसतील असा अर्ज गेला की ‘आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर लेखी द्यावं लागतं. जागा खासगी असली म्हणून मालकाला हवं ते करता येतं असंही नाही. त्याच्या ढिगाचा त्रास शेजारपाजाऱ्यांना होत असेल, तर तो सार्वजनिक उपद्रवच ठरतो.

कचऱ्याचा प्रकारही पाहून ठेवावा. सुया, सलाईनच्या बाटल्या, रक्ताळलेले बोळे दिसले तर त्याला हात लावू नये. तो जैववैद्यकीय कचरा. त्याचे नियम वेगळे आहेत, सध्याचे २०१६ सालचे. दवाखान्याने, मग तो सरकारी असो की दोन खोल्यांचा खासगी, असा कचरा रंगीत पिशव्यांत वेगळा करून मान्यताप्राप्त केंद्राकडेच द्यायचा असतो. त्याची तक्रार ग्रामपंचायतीबरोबर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडेही करायची.

४. कागद कसा असावा?

तोंडी तक्रारीला सरकारदरबारी अस्तित्व नसतं. दहा वेळा सांगून झालं असेल आणि अकराव्या वेळी कागद दिला असेल, तर कार्यालयाच्या लेखी ती पहिलीच तक्रार. म्हणून अर्ज दोन प्रतींत करावा, एक द्यावी आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. पोच द्यायला कुणी टाळाटाळ केली तर तोच अर्ज पोस्टाने, पोचपावतीसह पाठवावा. मजकूर लांबवू नये. समजा, एका ओढ्यावरच्या पुलाजवळ ढीग आहे. तर इतकं पुरे : ‘अमुक गट क्रमांकातील ओढ्याच्या पात्रात, पुलाच्या पूर्वेस, अंदाजे वीस फूट लांबीचा कचऱ्याचा ढीग आहे. त्यात मुख्यतः प्लास्टिक आहे. सार्वजनिक विहीर तेथून सुमारे शंभर फुटांवर आहे. कचरा वरचेवर पेटवला जातो. हा ढीग पंधरा दिवसांत हटवावा, विहिरीच्या पाण्याची तपासणी करावी आणि या वस्तीसाठी कचरा गोळा करण्याची व्यवस्था काय करणार ते लेखी कळवावं.’ सोबत तारीख दिसणारे दोन-तीन फोटो जोडावे. एक जवळून आणि एक असा, की ज्यात पूल, मंदिर, खांब अशी न हलणारी खूण येईल. नुसत्या कचऱ्याचा फोटो कुठलाही असू शकतो.

या अर्जात कुणाचंही नाव नाही, हे लक्षात आलं असेल. ते मुद्दाम. नाव घातलं की चर्चा माणसावर जाते, पुरावा मागितला जातो आणि ढीग बाजूला राहतो. जागा आणि जबाबदार कार्यालय लिहिलं की वाद घालायला फारसं उरत नाही.

५. कोणत्या दारी जायचं?

आधी एक सापळा. कचऱ्याचे फोटो टाकण्यासाठी केंद्र सरकारचं स्वच्छता ॲप आहे आणि वर्तमानपत्रांतून त्याची माहिती येते. पण ते नगरपालिका-महापालिकांसाठी आहे. खेड्यातून तिथे फोटो टाकून वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. गावाची पहिली पायरी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे कालपर्यंतचे ग्रामसेवक. अर्जात दिलेली मुदत उलटली की बीडच्या पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे जायचं आणि पहिल्या अर्जाची पोच सोबत जोडायची. त्यांच्यावर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. राज्य सरकारच्या ‘आपले सरकार’ पोर्टलवर घरबसल्या तक्रार नोंदवता येते आणि तिला क्रमांक मिळतो. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, पण त्यासाठी विहित नमुन्यात आगाऊ अर्ज करावा लागतो.

कागद कुठे अडला हे पाहण्यासाठी माहितीचा अधिकार वापरावा. दहा रुपयांचा मुद्रांक लागतो आणि उत्तरासाठी तीस दिवस असतात. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण दीडशे शब्दांत करायचा असतो, म्हणून ‘स्वच्छतेची सर्व माहिती द्या’ असं न लिहिता ‘गेल्या आर्थिक वर्षात आरोग्य कराची वसुली किती झाली आणि स्वच्छतेवर खर्च किती झाला’ असं नेमकं विचारावं. ग्रामपंचायतीच्या खर्चाचा काही तपशील ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर अर्ज न करताही दिसतो.

आणि हे सगळं करूनही कुणी हललं नाही तर? तेव्हा एक जुनं आणि फारसं कुणाला माहीत नसलेलं दार उरतं. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ होतं, १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२ आलं. सार्वजनिक उपद्रव होत असेल तर उपविभागीय दंडाधिकारी तो ठराविक मुदतीत दूर करण्याचा सशर्त आदेश देऊ शकतात. सशर्त म्हणजे, आदेश पाळा किंवा अमुक तारखेला येऊन तो का पाळू नये ते सांगा. हा आदेश खासगी माणसाला निघतो, तसा स्थानिक संस्थेलाही निघतो.

६. ‘पण ग्रामपंचायतीकडे पैसाच नाही’

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि त्याचं सर्वांत चांगलं उत्तर रतलामच्या रहिवाशांनी मिळवून ठेवलं आहे. मध्य प्रदेशातल्या या शहरात उघडी गटारं, मैला आणि मद्यार्काच्या कारखान्याचं घाण पाणी यांनी एका वस्तीचं जगणं अवघड केलं होतं. रहिवासी दंडाधिकाऱ्यांकडे गेले ते याच कलम १३३ खाली. दंडाधिकाऱ्यांनी नगरपालिकेला काम करण्याचा आदेश दिला. नगरपालिका ‘निधी नाही’ म्हणत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी दिलेल्या निकालाचा मथितार्थ असा : कायद्याने सोपवलेलं मूलभूत स्वच्छतेचं काम पैशाच्या सबबीवर टाळता येत नाही. या निकालाला आता चार दशकं उलटली, तरी अर्जात त्याचा उल्लेख आला की वाचणाऱ्या अधिकाऱ्याला कागद बाजूला सारणं जड जातं.

शिवाय पैसा अगदीच नाही असंही नाही. स्वच्छ भारत अभियानाच्या २०२० पासूनच्या दुसऱ्या ग्रामीण टप्प्यात घनकचऱ्यासाठी पाच हजारांपर्यंतच्या गावाला माणशी ६० रुपये आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी ४५ रुपये अशी मर्यादा ठरली. दहा हजार वस्तीच्या गावाचा हिशेब केला तर साडेचार लाख होतात. सांडपाण्यासाठी मोठ्या गावाला माणशी ६६० रुपये, म्हणजे दहा हजारांना ६६ लाख. या रकमेतला काही वाटा पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातून घालायचा होता, आणि त्या अनुदानाचा मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिलेला होता. साडेचार लाखांत घंटागाडी येईल, वर्गीकरणाची शेड उभी राहील, पण गाडी हाकणाऱ्याचा पगार त्यातून कायम निघणार नाही, हे मान्य करायला हवं. तो निघायचा आरोग्य करातून. इथे आक्षेप घेणाऱ्यांचा मुद्दा खरा आहे : ज्या गावात कर थकलेला आहे, त्या गावाला हक्काने तक्रार करताना थोडं अवघडल्यासारखं होतं. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा ग्रामपंचायतीने (हा बीडचा पाटोदा तालुका नव्हे) यावर भलताच व्यवहारी तोडगा काढला होता. वेळेवर कर भरणाऱ्या कुटुंबाला दळण मोफत. कर भरल्याचा फायदा रोजच्या पिठात दिसू लागला की वसुलीसाठी भाषण करावं लागत नाही.

७. ‘उचलला तरी पुन्हा टाकतात’

हे खरं आहे आणि याचा मोठा धडा मराठवाड्यानेच पाहिला आहे. औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर शहराचा कचरा तीन दशकांहून अधिक काळ शहराजवळच्या नारेगावच्या माथी पडत होता. आसपासच्या गावांनी निवेदनं दिली, आंदोलनं केली, न्यायालयात गेले. अखेर १६ फेब्रुवारी २०१८ रोजी ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. रोजचा सुमारे चारशे टन कचरा शहरातच अडकला, रस्त्यांवर डोंगर झाले. नारेगावात कचरा टाकायला उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने मनाई केली. नारेगावची तक्रार जिंकली, पण शहराकडे दुसरी सोय नव्हती. मग गाड्या इतर गावांकडे वळल्या. मिटमिट्याला ७ मार्चला दगडफेक झाली, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, पुढे महापालिका आयुक्तांची बदली झाली. ढीग एका वेशीवरून दुसऱ्या वेशीवर गेला, इतकंच.

यातून तक्रारदाराने घ्यायची गोष्ट एकच. नुसतं ‘हटवा’ म्हटलं तर हटवलेला कचरा गावाबाहेरच्या खाणीत, बंद विहिरीत नाहीतर काडेपेटीच्या तोंडी जातो. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर मनाई केली आहे आणि साध्या जाळण्यालाही पाच हजार रुपयांची भरपाई ठरवली आहे. तरीही सर्वांत स्वस्त ‘विल्हेवाट’ म्हणून जाळण्यालाच पसंती मिळते. म्हणून वरच्या नमुना अर्जातली शेवटची मागणी, वस्तीसाठी व्यवस्था काय करणार ते लेखी कळवा, ही पहिल्या मागणीइतकीच महत्त्वाची आहे. ओला कचरा गावातच खड्ड्यात जिरवला आणि प्लास्टिक वेगळं ठेवून तालुक्याच्या केंद्राकडे दिलं, तर उरणारा कचरा एवढा कमी असतो की त्याला ढीग म्हणायची वेळ येत नाही. ही व्यवस्था नाही तोवर लोकांना दंड करणं मला अन्यायाचं वाटतं. जागाच दिलेली नसताना चुकीच्या जागी टाकल्याचा दंड कसला? व्यवस्था झाल्यावर मात्र दंडात ढिलाई नको.

८. ‘गावात वैर कुणी घ्यायचं?’

या आक्षेपाला कायद्यात उत्तर नाही. लहान गावात अर्जदार कोण हे संध्याकाळपर्यंत पारावर कळतं, आणि ज्याचं शेत सरपंचाच्या शेताला लागून आहे, त्याने सही करताना विचार केला तर त्याला भित्रा म्हणू नये. म्हणून अर्ज एकट्याने करू नये. वस्तीतल्या पंधरा-वीस घरांच्या सह्या असल्या की कुणा एकावर राग काढता येत नाही. बचत गटाच्या महिलांनी पुढाकार घेतला तर आणखी बरं, कारण ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे आणि तिथे झालेला ठराव ग्रामसभेपुढे येतो.

ग्रामसभेची तारीख निवडतानाही डोळे उघडे ठेवावेत. प्रथेप्रमाणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार दिवशी ग्रामसभा होते. बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. जानेवारीची सभा होते तेव्हा गावाच्या कडेच्या, म्हणजे बहुधा ढिगाला लागून असलेल्या वस्त्या कुलूपबंद असतात. ज्यांच्या दारात कचरा आहे, त्यांचा हात वर होण्याची शक्यता असते ती मे आणि ऑगस्टच्या सभेत, आणि कारखाने लवकर सुरू झाले नाहीत तर ऑक्टोबरच्या. १ मेचा ठराव पावसाआधी ओढा मोकळा करून घ्यायला उपयोगी पडतो, म्हणून अर्ज एप्रिलमध्येच द्यावा, विषयपत्रिकेवर विषय घालून घ्यावा आणि सभा संपल्यावर इतिवृत्तात ठराव शब्दशः लिहिला आहे की नाही, ते तिथेच थांबून वाचून पाहावं.